भाडं सोडून बाकीचं

मावशींनी एकतीस वर्षं हॉस्पिटलची कपड्यांची खोली सांभाळली. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा त्यातली वीस होऊन गेली होती, आणि नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, की मोठ्या डॉक्टरांशी एकवेळ वाद घाला, पण मावशींकडून नेलेली चादर मोजून परत द्या. रोज सकाळी लॉन्ड्रीची गाडी मागच्या दाराशी लागायची. मळलेल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे यांचे गठ्ठे बाहेर जायचे आणि आदल्या दिवशीचे धुतलेले आत यायचे. मावशी एकेक चादर उजेडाकडे धरून बघायच्या. कुठे डाग राहिलाय, कुठे कापड विरलंय, कुठली शिवण धुताना उसवली आणि कुठली आधीपासूनच उसवलेली होती, सगळं त्यांच्या वहीत असायचं. गाडीवाला कुरकुर करायचा, पण हुज्जत घालायचा नाही. कपडे जाताना कसे होते ते लिहिलेलं असायचं आणि खाली त्याचीच सही असायची.

राहायला त्या हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टरमध्ये होत्या. दीड खोली, समोर नळ, आणि दाराशी एक जुनी लोखंडी खाट. त्या खाटेवर त्यांच्या सासूबाई बसलेल्या असायच्या. सासूबाई प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षं शिकवत होत्या, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना 'बाई' म्हणायचो. त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्ये काळा ठिपका आला होता, कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे कुणी समोर आलं की त्या मान दुसरीकडे वळवून बघायच्या. नव्या नर्सेसना वाटायचं, म्हातारी भलतीच तोऱ्यात आहे. खरं तर त्या तेव्हाच सगळ्यात नीट बघत असायच्या.

मावशींचे यजमान हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर होते. एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. मूलबाळ नव्हतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी धाकटा दीर आईला न्यायला आला. बाईंची पेटी भरून तयार होती, दीर ती उचलून दारापर्यंत घेऊनही गेला होता. बाई म्हणाल्या, ती खाली ठेव. त्याला वाटलं, काहीतरी राहिलं असेल. बाई आत जाऊन पुन्हा आपल्या जागेवर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, तू सुट्टीत मुलांना घेऊन ये. एवढंच. सुनेला त्यांनी काही विचारलं नाही, सुनेनंही काही म्हटलं नाही. त्याला एकवीस वर्षं झाली होती.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही त्यांना एक साडी आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ऑफिसनं एक पत्र दिलं. क्वार्टर तीन महिन्यांत रिकामं करायचं होतं आणि निवृत्तीची रक्कम हातात यायला पाच-सहा महिने लागणार होते. मावशींच्या पासबुकात पंचेचाळीस हजार होते.

आता मावशी इतक्या चोख, त्यांना सुतळीच्या तोड्यापासून साबणाच्या पोत्यापर्यंत सगळ्याचे भाव पाठ. पण घराचा भाव त्यांना माहीत नव्हता. क्वार्टरचं भाडं, पाणी, वीज, सगळं पगारातूनच कापलं जायचं. हातात येईल तो पगार आणि डोक्यावर आहे ते छप्पर, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी आम्हाला विचारलं, भाड्यानं घर घ्यायचं म्हणजे काय करतात. आम्ही पोरीसोरी म्हणालो, काही नाही मावशी, एक महिन्याचं भाडं, थोडं डिपॉझिट, झालं. आमच्यापैकी कुणीच स्वतःचा करारनामा नीट वाचलेला नव्हता, हे नंतर कळलं.

एका एजंटनं त्यांना दुसऱ्या मजल्यावरचं घर दाखवलं. दोन खोल्या, खिडकीत ऊन, खाली औषधाचं दुकान, भाडं दहा हजार. मावशींना ते फार आवडलं. एजंट म्हणाला, अजून तिघं मागे लागलेत, पाच हजार टोकन दिलंत तर मी थांबवून ठेवतो. मावशींनी त्याच दिवशी बँकेतून पाच हजार काढून दिले. घरी येऊन बाईंना खिडकीचं वर्णन करून सांगितलं. ऊन सकाळी कुठून येईल, खाट कुठे मावेल, सगळं.

चार दिवसांनी मालकासमोर बसायची वेळ आली, तेव्हा एजंटनं एक कागद पुढे केला. डिपॉझिट तीन महिन्यांचं, तीस हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, दहा. दलाली एक महिन्याची, आणखी दहा. करारनामा आणि नोंदणी, अडीच. सामान वर चढवताना लिफ्ट वापरणार म्हणून इमारतीचे दीड. पुढे दर महिन्याला मेंटेनन्सचे बाराशे भाड्याशिवाय वेगळे. आणि घर सोडताना रंगकामाचं म्हणून डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापून घेणार. मावशींनी मनातल्या मनात बेरीज केली. चोपन्न हजार तर नुसते आत पाऊल टाकायचेच होते.

मग मालकानं विचारलं, राहणार कोण कोण? मावशींनी सांगितलं, मी आणि माझ्या सासूबाई, ब्याऐंशी वर्षांच्या. मालक एजंटच्या कानाशी लागला. एजंट म्हणाला, वय झालेलं माणूस आहे, उद्या काही झालं तर मालकाला त्रास, म्हणून एक महिन्याचं डिपॉझिट जास्त पडेल. तेही परत मिळेल, तुम्ही काळजी करू नका.

मावशी उठल्या. टोकन परत मागितलं. एजंटनं पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ दाखवली. घर घेणाऱ्यानं माघार घेतली तर टोकन परत मिळणार नाही. ती ओळ मावशींनी वाचलीच नव्हती. एकतीस वर्षं एक अभ्रा कुणाला इकडचा तिकडे करू दिला नाही, आणि पाच हजार असे गेले.

घरी येऊन त्यांनी बाईंना सांगितलं की मालकाला घर विकायचं आहे, म्हणून जमलं नाही. पुढचे तीन दिवस त्यांची पावलं जड पडत होती. बाईंना चेहरा दिसत नसला तरी पावलं ऐकू यायची. चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, किती गेले?

मावशींनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या डिपॉझिटचं मात्र गाळलं. ते बाईंना कळायला नको होतं.

हे नंतर ऐकताना मला वाटलं, बाई रागावल्या असतील, किंवा त्यांनी समजूत घातली असेल. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या म्हणाल्या, "ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत. वही घे."

मग त्या दोघींनी जे केलं ते बघून अख्खं हॉस्पिटल हसलं आणि नंतर शहाणं झालं. मावशी सगळ्यांकडून करारनामे मागत फिरल्या. भाड्यानं राहणाऱ्या नर्सेस, एक्सरेवाला, स्वयंपाकघरातली बाई, मिळून अकरा जणांचे. दुपारच्या वेळी क्वार्टरच्या दारात मावशी एकेक करार मोठ्यानं वाचायच्या आणि बाई मान वळवून ऐकायच्या. वाक्य लांबलं की बाई थांबवायच्या, कर्ता कोण ते शोधायला लावायच्या. देणारा कोण, घेणारा कोण, कधी द्यायचं, परत येणार की नाही. डिपॉझिट परत येतं, पण किती दिवसांत आणि कशाकशाचं कापून, ते लिहिलेलं हवं. दलाली गेली ती गेली. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की बाहेर, ते आधी विचारायचं. उशिराच्या भाड्याचा दंड कितव्या तारखेपासून लागतो, मुदतीआधी घर सोडलं तर किती महिन्यांचं भाडं द्यावं लागतं, निघताना नोटीस किती दिवसांची. वहीत बाईंच्या सांगण्यावरून पानंच पाडली होती. एक परत येणाऱ्या पैशांचं, एक एकदाच जाणाऱ्यांचं, एक दर महिन्याचं. आणि शेवटचं, 'चूक झाली तरच'.

माझा करार वाचताना बाई म्हणाल्या, हिला बोलाव. मी ड्यूटी संपवून गेले. बाईंनी विचारलं, तू मेंटेनन्स वेगळा देतेस का? मी म्हटलं, हो, दर महिन्याला आठशे. बाई म्हणाल्या, तुझ्या करारात 'देखभाल खर्चासह' लिहिलंय बाळ, 'सह' म्हणजे आतमध्ये. मी चौदा महिने तोच खर्च दोनदा भरत होते. मालकाला जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, अरे हो, लक्षातच राहिलं नाही. पुढच्या भाड्यातून त्यानं ते वळते करून दिले. त्या दिवसापासून मावशींच्या दारात करार घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली.

पण मावशींना स्वतःला घर मिळत नव्हतं. चाळीस हजारांत बसेल असं घर दाखवलं की लोक दोघींचं वय विचारायचे. एका ठिकाणी तर मालकिणीनं बाईंना काठी घेऊन जिना चढताना वरून पाहिलं आणि दार उघडलंच नाही. बाईंना कडेचं दिसायचं, त्यांना ते बंद दार दिसलं असणार.

दोन दिवसांनी दुसऱ्याच एका एजंटनं मावशींना एक खोली दाखवायला नेलं. छोटी, बरी होती, भाडं पाच हजार, डिपॉझिट दहा. मावशी म्हणाल्या, यात दोन खाटा कशा मावतील? एजंट गोंधळला. म्हणाला, तुमच्या घरून फोन आला होता ना, एका माणसापुरती जागा बघा म्हणून. तुमच्या सासूबाईंनीच केला होता.

मावशी तिथून चालत घरी आल्या. हे पुढचं मला दोघींनीही सांगितलं आहे, आणि दोघींचं सांगणं शब्दाला शब्द जुळतं.

"आई, त्या एजंटला फोन तुम्ही केलात?"

"केला."

"कशासाठी?"

"तू मला म्हातारीच्या डिपॉझिटचं सांगितलं नाहीस, पण त्या टोकनवाल्या एजंटनं नंतर फोन केला होता, तू नसताना. त्यानं सांगितलं. माझ्यामुळे तुला घर मिळत नाही. मी धाकट्याकडे जाते, तुझं भागेल."

"भावोजींना विचारलंत?"

"अजून नाही."

मावशी खाटेच्या कडेवर बसल्या. "एकवीस वर्षांपूर्वी तुम्ही पेटी खाली ठेवायला सांगितलीत. तेव्हा मला विचारलं होतंत का?"

"नाही."

"मग आता मीही तुम्हाला विचारत नाही. घर दोघींचंच बघायचंय."

बाईंनी मान वळवून सुनेकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, त्या एजंटला फोन लाव, म्हणावं म्हातारीनं अर्ज मागे घेतलाय. आणि दोघी हसायला लागल्या. मावशी म्हणाल्या, हसता हसता मला रडू आलं. बाई म्हणतात, ती आधी रडली आणि मग हसली. फरक एवढाच.

घर मिळालं ते एका स्क्रूमुळे. बाईंच्या काळ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला, तो बसवून घ्यायला मावशी बाजाराच्या टोकाला चष्म्याच्या दुकानात गेल्या. चष्मेवाले साठीचे, एकटे, भिंग डोळ्याला लावून खाली मान घालून काम करणारे. काचेवर आतून कागद चिकटवला होता, वरचा मजला भाड्यानं देणे आहे. मध्ये एजंट नव्हता, म्हणजे दलाली नव्हती.

मावशी पहिलंच वाक्य असं बोलल्या जे त्यांनी येताना ठरवलं नव्हतं. "माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही घेणार असाल तर आत्ताच सांगा, मी जिना चढत नाही."

चष्मेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "वय मी गिऱ्हाइकांना विचारतो, तेही नंबर काढण्यासाठी. दोन माणसं म्हणजे दोन माणसं."

मावशी जिना चढल्या. चौदा पायऱ्या होत्या. वर दोन खोल्या, मोरी, मागे कपडे वाळत घालायला गच्चीचा तुकडा. भाडं नऊ हजार. पण करारनामा बघितला तर त्यात वीस कलमं. डिपॉझिट तीन महिन्यांचं, रंगाचे वेगळे, साफसफाईचे वेगळे, पाळीव प्राण्याचे वेगळे, लिफ्ट वापरण्याचे वेगळे.

मावशी म्हणाल्या, बाकीचं मागाहून बघू, ही लिफ्ट कुठंय? चष्मेवाल्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, खरं सांगू का, हा करार मी एका ओळखीच्यांचा उतरवून घेतलाय. त्यांच्याकडे आहे लिफ्ट.

मग त्यांनी सांगितलं. आधीचा भाडेकरू चार महिन्यांचं विजेचं बिल थकवून, बेसिन फोडून, एका रविवारी सामान घेऊन गेला. तेव्हापासून त्यांना धास्ती बसली होती. जिथे जिथे पैसे धरून ठेवता येतील तिथे त्यांनी कलम घातलं होतं. मावशींना त्यांचा राग आला नाही. स्वतः फसलेलं माणूस त्या ओळखत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना घेऊन आल्या. तिघं दुकानातल्या बाकावर बसले आणि वीस कलमं वाचली. मावशींचं म्हणणं साधं होतं. तुम्हाला भीती आहे ती मोडतोडीची आणि थकलेल्या बिलाची. तर मग घरात आत्ता काय धड आहे आणि काय नाही ते लिहून दोघांनी सही करू. मीटरचा आजचा आकडा लिहू. आम्ही काही मोडलं तर कापा, भिंती जुन्या झाल्या त्याचे कापू नका, भिंती तर कुणी न राहताही जुन्या होतात. आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं घ्या, तीन माझ्याकडे नाहीत. निवृत्तीचे पैसे आल्यावर तिसरा हवा असेल तर देईन.

चष्मेवाले विचार करत राहिले. बाई म्हणाल्या, तोवर आपण घर बघू या.

मावशी वही घेऊन वर गेल्या आणि चादर बघावी तसं घर बघितलं. बटणं किती, दिवे किती, कुठला नळ ठिबकतो, कुठली फरशी तडकली आहे, खिडकीची कुठली कडी लागत नाही. बाई त्यांच्या मागून भिंतीला तळवा लावून चालत होत्या. मागच्या खोलीत, जिथे मावशींना नुसता पांढरा रंग दिसत होता, तिथे बाई थांबल्या. म्हणाल्या, इथे गार लागतंय, रंगाच्या आत ओल आहे. चष्मेवाल्यांनी हात लावून बघितला आणि ओशाळले. ओल त्यांना माहीत होती, वरून रंग त्यांनीच मारून घेतला होता. यादी दोन पानं झाली. सही करताना ते म्हणाले, माझ्या घरात एवढी दुखणी आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ओलीचं काम त्यांनी त्याच आठवड्यात करून घेतलं, स्वतःच्या खर्चानं.

वीसपैकी अकरा कलमं राहिली. करार आणि नोंदणीचा खर्च निम्मा निम्मा. सव्वाअठ्ठावीस हजारांत दोघी आत गेल्या. सामान न्यायला आम्ही चार नर्स होतो. लोखंडी खाट जिन्यात अडकली तेव्हा बाई खालून सूचना देत होत्या, आणि त्यांना समोरचं दिसत नसताना त्या सूचना बरोबर निघाल्या.

तिथे त्या पाच वर्षं राहिल्या. बाईंनी चौदा पायऱ्या पाठ करून टाकल्या आणि दुपारी खाली दुकानात येऊन बसायला लागल्या. नंबर काढायला आलेल्या मुलांशी गप्पा मारायच्या. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता रोज ऐकून ऐकून त्यांना तोंडपाठ झाला. एकदा त्या लांबून शेवटची बारीक ओळ घडाघडा म्हणून गेल्या आणि एक गिऱ्हाईक चष्मेवाल्यांना म्हणालं, या आजींना दिलात तसला चष्मा मला द्या.

तिसऱ्या वर्षी एका महिन्यात मावशींची पेन्शन अडकली. भाडं सहा दिवस उशिरा गेलं. मावशी भाड्याबरोबर सहा दिवसांचा दंड वेगळ्या पाकिटात घालून खाली गेल्या. चष्मेवाले म्हणाले, राहू द्या हो, तो नियम तुमच्यासाठी नाही लिहिलेला. मावशी म्हणाल्या, नाव तर माझंच आहे त्यावर. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी त्यांनी दंड घेतला, पावती लिहिली आणि त्या पैशांतून जिन्यात एक मोठा दिवा लावला. बाईंना त्याचा फारसा उपयोग नव्हता, पण मावशींना होता. त्यांचेही गुडघे आता बोलायला लागले होते.

बाई मोरीत एकदा घसरल्या, थोडक्यात वाचल्या. मावशींनी लेखी परवानगी मागून तिथे धरायला एक स्टीलचा दांडा बसवून घेतला. परवानगीच्या कागदात चष्मेवाल्यांनी लिहिलं, घर सोडताना भोकं बुजवून द्यावीत. तो कागद मावशींनी इतर कागदांत ठेवून दिला.

पाचव्या वर्षाच्या अखेरीला चष्मेवाले गप्प गप्प राहायला लागले. बाई दिवसभर खाली बसणाऱ्या, त्यांच्या कानावर सगळं यायचं. चष्मेवाल्यांची मुलगी परगावी होती. तिचं नवऱ्याशी पटेनासं झालं होतं आणि ती सात महिन्यांच्या मुलीला घेऊन वडिलांकडे यायचं म्हणत होती. दुकानामागच्या एका खोलीत चष्मेवाले स्वतः राहायचे, तिथे तिघं मावणं शक्य नव्हतं. वरची जागा रिकामी करा, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. करार संपायला तीन महिने होते, आणि फोनवर ते मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होते, थोडी थांब, बघतो काहीतरी.

बाईंनी संध्याकाळी हे सुनेला सांगितलं. मावशींनी दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस लिहिली. करारात लिहिलं होतं तशी, एक महिन्याची, तारीख घालून. कारणाच्या जागी लिहिलं, आम्हाला जिना झेपत नाही. खाली नेऊन दिली.

चष्मेवाल्यांनी ती उभ्यानं वाचली. म्हणाले, "जिना तर बाई दिवसातून चार वेळा चढतात."

"उतरताना त्रास होतो," मावशी म्हणाल्या.

त्यांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी दुकान तासभर बंद केलं आणि स्वतः जाऊन दोन गल्ल्या पलीकडे, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचं तळमजल्यावरचं घर मावशींसाठी विचारून आले. आठ हजार भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट. म्हणाले, माझ्यासारखा उतरवून घेतलेला करार नाही, मी वाचून आलोय.

घर सोडायच्या दिवशी मी गेले होते. खोल्या रिकाम्या, भिंतींवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन. चष्मेवाले आणि मावशी पाच वर्षांपूर्वीची यादी घेऊन प्रत्येक ओळीवर खूण करत फिरले. एका खिडकीची काच मावशींकडून फुटली होती, ती त्यांनी बदलून ठेवली होती. बाकी सगळं होतं तसं होतं, दोन नळ तर आधीपेक्षा बरे होते. मोरीत आल्यावर मावशी म्हणाल्या, दांडा काढायचा राहिलाय, गवंडी अकराला येतोय, तो भोकं बुजवून देईल.

चष्मेवाल्यांनी दांडा धरून बघितला. "गवंड्याला नको म्हणा. नात उभी राहायला लागली की धरेल. आणि तिच्या आधी मी धरीन."

मावशी म्हणाल्या, मग तसं कागदावर लिहून द्या. त्यांनी तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर कागद ठेवून लिहून दिलं. डिपॉझिटचे अठरा हजार पाकिटात तयार होते. मावशींनी मोजले तर वीस भरले. त्यांनी दोन परत केले. चष्मेवाले म्हणाले, ते ओलीचे समजा, तुम्ही सांगितलं नसतं तर भिंत पडली असती. मावशी म्हणाल्या, असं कलम नाहीये. बाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, दोन हजार मला द्या, मी तुमच्या नातीला पाटी-पुस्तकं घेते. चष्मेवाल्यांनी दोन हजार बाईंच्या हातात ठेवले.

बाई आता नव्वदीच्या घरात आहेत. पाटी-पुस्तकं त्यांनी खरंच घेतली, नात दीड वर्षाची असतानाच. ती पोर आता बोलते, आणि चष्मेवाले दर रविवारी सकाळी तिला या तळमजल्यावरच्या घरी सोडून जातात. बाई खाटेवर बसून तिला अक्षरं सांगतात. पोर पाटीवर काढते आणि बाईंचं बोट धरून त्यावरून फिरवते, बरोबर आलंय का ते कळायला. मावशी शेजारी भाजी निवडत बसलेल्या असतात. मध्येच कुणीतरी करारनामा घेऊन दारात येतं. मावशी म्हणतात, बसा दहा मिनिटं, शाळा चालू आहे.